तुम्ही विचारलंत म्हणून: हा ट्रक अजून का ठेवलाय?

गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात कोणी ना कोणी गाठतोच. "अहो, सहा लाख किलोमीटर झालेली गाडी कशाला ओढताय? नवी घ्या की."

सहा लाख हा आकडाही माझ्याच अंदाजाचा. मीटरची केबल कधीच तुटली.

२००९ साली खनिज वाहायला कर्ज काढून हा टिपर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. गाडी अंगणात उभी, टायर उन्हानं भेगाळले, हप्ता मात्र ठरल्या तारखेला हजर. बायकोच्या पाटल्या त्यातच गेल्या. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हा कर्ज फिटलेलं होतं म्हणून तगलो. चिरे, खडी, मिळेल ते भाडं मारलं. हाताशी पैसे नसले तर क्लच प्लेट महिनाभर पुढे ढकलता येते, हप्ता ढकलता येत नाही. माझं सगळं गणित इथून सुरू होतं.

इंजिनाची मला धास्ती नाही. दोन वर्षांपूर्वी ते ऑइल प्यायला लागलं, फिलर कॅप काढली की भसाभस धूर. मेस्तानं, म्हणजे आमच्या मेकॅनिकनं, लायनर-पिस्टन बदलले. आठ दिवस गाडी उभी राहिली, पण नव्या गाडीच्या तीन हप्त्यांत काम भागलं. शिवाय बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाड्यांत युरियाची टाकी आणि सेन्सर असतात. चोर्ल्याच्या घाटात बंद पडली तर लॅपटॉपवाला कुठून आणू?

धास्ती आहे ती गंजाची. चार महिने पाऊस, उरलेले महिने खारी हवा. दर पावसाळा सरला की मेस्त गाडीखाली सरपटतो आणि चॅसी हातोडीनं ठोकत जातो. 'ठण्ण' वाजलं की पुढे. यंदा मागच्या डाव्या कमानपाट्याच्या ब्रॅकेटपाशी 'थप्प' वाजलं आणि लोखंडाचा पापुद्राच त्याच्या हातात आला.

"पट्टी मारूया?" मी विचारलं.

"म्हणाल तर मारतो. पण चिरे भरून घाट उतरताना मी काही तुमच्या शेजारी बसायचा नाही."

त्या दिवसापासून गाडी उभी आहे. तेव्हा हो, बदलतोय. पण नवी नाही. बेळगावकडची, समुद्राचं वारं न लागलेली, बीएस-६ च्या आधीची गाडी बघतोय. गाडी कर्नाटकातली, म्हणून आरटीओच्या एनओसीचे हेलपाटे पडतील, पडू देत. रविवारी निघतोय. मेस्त येणार आहे, हातोडी घेऊन.