गॅरेजमधल्या कामाच्या टेबलावर सावली का पडते?

बहुतेक गॅरेजमध्ये छताच्या मधोमध एकच दिवा असतो. गाडी लावायला तो पुरतो. पण कामाचं टेबल भिंतीला लागून असतं, म्हणजे दिवा आपल्या पाठीशी आणि आपलीच सावली थेट व्हाइसवर (वस्तू पकडून ठेवणाऱ्या शिकंजावर). तिथे २० वॅटऐवजी ४० वॅट लावले तरी सावली जागची हलत नाही. म्हणून आधी दिव्याची जागा बदलायची, वॅटचा विचार नंतर.

टेबल २४ इंच खोल असेल तर ४ फुटी दोन एलईडी बॅटन (लांब पट्टीसारखे दिवे) टेबलाला समांतर, एका रांगेत, भिंतीपासून साधारण १८ इंचांवर घ्या. वाकलं तरी डोकं मध्ये येत नाही. छत ९ फुटांवर असेल तर साखळीने खाली आणून टेबलापासून ४ फुटांवर टांगा. २० वॅटची बॅटन सुमारे २००० लुमेन (एकूण उजेडाचं माप) देते. या अंतरावरून टेबलावर ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) सहज मिळतात. १० बाय १८ फुटांच्या उरलेल्या जागेला आणखी दोन बॅटन पुरतात. मात्र शटर गुंडाळलं की त्याच्या ड्रमची, म्हणजे वरच्या गुंडाळीची, सावली कुठपर्यंत येते ते बघूनच छताला भोक पाडा. भिंतींना पांढरा रंग दिला नाही तर निम्मा उजेड सिमेंटच गिळतं.

उजेडाचा रंग ४००० केल्विन घ्या; हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दुकानदार ६५०० पुढे करतो, पण त्या निळसर उजेडात तपकिरी आणि लाल वायर ओळखताना गोंधळ होतो. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ८० च्या वर हवा.

स्वस्त बॅटनचा खरा धोका ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरणारा ड्रिल बिट किंवा लेथचा चक (वस्तू धरून फिरवणारा भाग) थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि हात तिथे जातो. विकत घेताना मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिवा बघा. पट्टे सरकताना दिसले तर तो परत द्या.

दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) द्या. ग्राइंडरचा १६ अँपिअरचा सॉकेट २.५ च्या वायरवर, स्वतंत्र. दोन्ही एकाच एमसीबीवर असले तर ग्राइंडर अडकून ट्रिप झाल्यावर डिस्क अजून फिरत असते आणि अंधार होतो. एक बॅटन इन्व्हर्टरवर घेतली तर तिची न्यूट्रलही इन्व्हर्टरच्याच लाइनची हवी. दुसऱ्या सर्किटची उसनी घेतली की आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण पडत राहतो. बंद केल्यावरही बॅटन मिणमिणत असेल तर बहुधा स्विच न्यूट्रलवर बसलाय. मग दिव्यात फेज कायम जिवंत असतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच दुरुस्त करून घ्या.

कोकणात किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळ आयपी ६५ ची (धूळ आणि पाणी आत न शिरणारी) बंद बॅटन लावा. उघड्या बॅटनमध्ये पावसाळ्यात किडे शिरतात, आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ त्याच ओलीवर चिकटून गंजते. महिन्यातून एकदा, वीज बंद करून, कोरड्या फडक्याने पुसा.