चाचणीसाठी कोणते फोन ठेवावेत?

नवे संकेतस्थळ कोणत्या फोनवर तपासायचे हे मी पूर्वी बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलांवरून ठरवत असे. आता आधी त्या संकेतस्थळाच्या भेटींची आकडेवारी उघडून वाचकांच्या हातात कोणते फोन आहेत ते पाहतो.

या बदलामागे एका ग्रंथालयाचा सभासद-अर्ज आहे. संगणकावर क्रोमच्या ‘डिव्हाइस मोड’मध्ये, म्हणजे फोनच्या पडद्याची नक्कल दाखवणाऱ्या सोयीत, ३६० पिक्सेल रुंदीला तो नीटनेटका दिसत होता. आईने तोच अर्ज स्वतःच्या फोनवर उघडला, तेव्हा ‘पुढे’ या बटणातल्या ‘पु’चा उकार तळाशी कापला गेला होता. तिने वाचायला सोपे जावे म्हणून फोनमधली अक्षरे मोठी करून घेतली आहेत. मी मात्र बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली होती आणि बाहेर जाणारा भाग लपवला होता. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी पुरेशी जागा लागते, आणि संगणकावरची ती नक्कल फोनचा आकार दाखवत असली तरी त्यातला टंक, प्रोसेसर किंवा वापरणाऱ्याने बदललेली सेटिंग दाखवत नाही.

म्हणून पैसे दोनच फोनांपुरते असतील, तर मी पहिला फोन जुना, दोन-तीन जीबी रॅमचा अँड्रॉइड घेईन. अँड्रॉइड ८ आणि ९ वर क्रोमची १३८ ही शेवटची आवृत्ती आहे, त्यामुळे असा फोन हाताशी असला की सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी आणि रंग ठरवणाऱ्या भाषेच्या, नव्या सोयींवर किती विसंबायचे हे प्रत्यक्ष कळते, आणि जड जावास्क्रिप्टमुळे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमुळे, पान कुठे अडखळते तेही लपत नाही.

दुसरा आयफोन हवाच, जुना वापरलेला चालेल. भारतात आयफोनवर क्रोम टाकले तरी आतले इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा भाग, ॲपलचे वेबकिटच असते, त्यामुळे अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये केलेली तपासणी तिथे उपयोगी पडत नाही. अर्जात माहिती भरायच्या रकान्यातली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील, तर बोट लावताच सफारी पान मोठे करते आणि अर्ज भरणाऱ्याला शेजारचा मजकूर दिसेनासा होतो. हे मला खऱ्या आयफोनवरच पहिल्यांदा दिसले.

तिसरा फोन घेता आला, तर सॅमसंगचा घ्यावा, कारण त्याच्या स्वतःच्या ब्राउझरचे इंजिन क्रोमचेच असले तरी त्याचा डार्क मोड आपण निवडलेले रंग बदलून टाकतो.

जुन्या अँड्रॉइडवर अक्षरांचा आकार मी आईच्या फोनइतकाच मोठा ठेवला आहे, आणि तपासणी संपली तरी तो पूर्ववत करत नाही.