तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा त्याच दरीत का?

"आईला चिखलात अडकवलंस, तरी पाहुण्यांना अजून क्वॅपेलच्या दरीतच नेतेस? बॅन्फ का नाही?" इथं कॅनडातल्या रेजायना शहरात आमच्याकडे येणारे सगळे हेच विचारतात. आता एकदाच सांगते.

रॉकी पर्वतातलं बॅन्फ इथून जवळजवळ नऊशे किलोमीटर, दरी सत्तर. पण कारण ते नाही. १० नंबरच्या हायवेवर गहू-कॅनोलाचं सपाट रान संपतच नाही, आणि अचानक रस्ता खाली उतरतो. हिमनद्या वितळल्या तेव्हाच्या पाण्यानं कापलेली ही दरी. तळाशी ओळीनं चार तळी: पास्क्वा, एको, मिशन, कटेप्वा. दरीतल्या लेब्रे गावाला मी गाडी थांबवतेच. १८८४ ते १९९८ तिथं मूळनिवासींच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणारी शाळा होती. पाहुण्यांना ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

आता तो दिवस. परतताना पाऊस लागला. फोननं शेतांमधला कच्चा ग्रिड रोड दाखवला, वीस मिनिटं वाचत होती. आई अकोल्याकडची, जन्म कपाशीच्या रानात गेलेला. खिडकीतून बघून म्हणाली, "हे आपलीच काळी माती हाय. पानी पडलं का पाय सोडत नाही. डांबरीवरूनच चाल." मी म्हटलं, "आई, हा कॅनडा आहे."

दोन किलोमीटरही गेलो नसू. चिकण माती चाकांच्या वरच्या खोबणीत अशी ठासून बसली की चाकं फिरेनात. बर्फ खरवडायच्या पट्टीनं मी ती उकरत होते. आई साडीचा काठ खोचून उतरली आणि हातांनीच लोंदे काढायला लागली. साडेतीन तास. तिचं इन्सुलिन घरी होतं. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणला तेव्हा तिचे हात थरथरत होते, थंडीनं की साखरेनं, कळत नव्हतं.

बरीच वर्षं मी "पाऊस अवेळी आला" असं सांगत राहिले. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि तरीही, दरीनं काय केलं? दोष माझा, तो दरीच्या माथी का मारू? असं म्हणते खरी, पण वळणावर उतार दिसला की पोटात गोळा येतोच.

गेल्या जूनमध्ये पुन्हा गेले. आभाळ भरून आलं तशी डांबरीवरूनच परतले. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तवाच ऐकलं असतं तर?"

परत येशील का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.