नागीण, टेलस्टार आणि आडवे काका

परवा मावसभावाच्या वरातीत बेंजोवाल्यांनी नागीणची धून धरली आणि आमचे काका गुडघ्याचं दुखणं विसरून, तोंडात रुमाल धरून सरळ रस्त्यावर आडवे. मी बाजूला त्यांच्या चपला सांभाळत उभा आणि डोक्यात भलतंच, टेलस्टार! टॉर्नेडोज नावाच्या इंग्लिश बँडची १९६२ची इन्स्ट्रुमेंटल. कारण १९५४च्या 'नागिन'मधली ती बीन बीन नाहीचे, ते क्लॅव्हिओलिन, विजेवर चालणारं छोटंसं कीबोर्ड, एका वेळी एकच सूर निघतो आणि तोही नाकातून. वाजवलं कल्याणजींनी, पिक्चरवर संगीतकार म्हणून नाव हेमंतकुमारांचं. टेलस्टारमध्ये जो आभाळातून आल्यासारखा सूर आहे ना, तोही ह्याच वाद्याचा.

हे टॉर्नेडोज म्हणजे मूळचे दुसऱ्यांच्या मागे वाजवणारे. जो मीक नावाच्या एका अवलिया रेकॉर्डिंगवाल्याने स्टुडिओच्या कामासाठी जमवलेले. लंडनला ३०४ हॉलोवे रोड, खाली चामड्याच्या बॅगांचं दुकान, वर ह्याची भाड्याची जागा आणि तोच स्टुडिओ, मग कुणी जिन्यात वाजवतंय तर कुणी बाथरूममध्ये गातंय (चाळीत वाढलेल्याला ह्याचं काय कौतुक, आमचा दहावीचा अभ्यास जिन्यातच झाला). आवाज फार झाला की घरमालकीण खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायची म्हणे.

टेलस्टार मात्र ह्यांच्या स्वतःच्या नावावर. ब्रिटनमध्ये एक नंबर, डिसेंबरात अमेरिकेतही एक नंबर, तिथे हे जमलेला पहिला ब्रिटिश बँड, बीटल्स नंतर. पण रेकॉर्डिंग घाईघाईत, कारण पोरांना परत ग्रेट यार्मथ ह्या समुद्रकाठच्या गावी पळायचं होतं, तिथे बिली फ्युरी नावाचा गायक गाणार आणि हे मागे वाजवणार, म्हणून आपली साथ वाजवून ते गेले आणि मुख्य धून नंतर मीकसाठी गाणी लिहिणाऱ्या जेफ गॉडर्डने क्लॅव्हिओलिनवर चढवली. म्हणजे दुसऱ्यांसाठी वाजवणाऱ्यांच्या हिट गाण्यात धून वाजवली तिसऱ्यानेच! मीकचे पैसेही कोर्टात अडकले, एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा ठोकला होता, निकाल मीकच्या बाजूने लागला पण मीक १९६७ला वारला त्यानंतर तीन आठवड्यांनी. ड्रमर क्लेम कॅटिनी पुढे सेशनच, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला भाड्याने वाजवणंच, करत राहिला, ब्रिटनमधल्या चाळीसच्या वर नंबर वन गाण्यांत त्याचे ड्रम्स आहेत.

हे सगळं कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून धून थांबल्यावर कीबोर्डवाल्याकडे गेलो, म्हटलं दादा, तुम्ही वाजवलंत ना आत्ता, ते मुळात...

"साहेब, आधी ते काका उचला, ट्रॉली पुढे घ्यायचीये."