आकडे फार गुळगुळीत असले की

मोटार इन्शुरन्सचे क्लेम तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर अट्टल भामट्यांच्या मागावर असतो. प्रत्यक्षात बहुतेक क्लेम खरे असतात, आणि खोट्यांतले बरेचसे अर्धेच खोटे असतात. बंपर खरंच फुटलेला असतो, पण त्याच बिलात कधीचा चेपलेला दरवाजाही घुसवलेला असतो. पैशासाठी मुद्दाम जहाज बुडवणारी, म्हणजे अख्खा अपघातच रचणारी जात वेगळी. ती फार जुनी आहे म्हणा. इ.स.पूर्व चौथ्या शतकातल्या एका ग्रीक कज्ज्यात हेगेस्ट्रॅटोस नावाचा जहाजवाला भेटतो. जहाज बुडालं तर त्या सफरीसाठी घेतलेलं कर्ज फेडायचं नाही, असा तेव्हाचा करार. यानं रात्री जहाजाच्या तळाला भोक पाडायला घेतलं, पकडला गेला आणि पळता पळता स्वतःच बुडाला.

नव्या मुलांना शिकवतात की जबाबातली विसंगती शोधा. मला हे अर्धवट वाटतं. धडक बसलेला खरा माणूसच जास्त विसंगत बोलतो. वेळ चुकवतो, डावं-उजवं करतो, मध्येच काहीतरी आठवून आधीचं दुरुस्त करतो. रचलेली गोष्ट मात्र तीनदा विचारली तरी त्याच शब्दांत, त्याच क्रमाने येते. म्हणून मी अपघाताबद्दल कमी आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल जास्त विचारते. पहिला फोन कुणाला केला? गाडी उचलून न्यायला कोण आलं? तोवर कुठे थांबलात? गोष्ट रचणाऱ्याने अपघाताची तयारी केलेली असते, त्या अर्ध्या तासाची नसते.

गाडीला तर काहीच लपवता येत नाही. ‘रात्री दिवे लावून चाललो होतो’ असं सांगितलं असेल आणि दिवा जुन्या, तारेच्या बल्बचा असेल, तर मी तार बघते. पेटलेल्या बल्बची तापलेली तार धक्क्याने ताणली जाते, वेडीवाकडी होते. बंद बल्बची थंड तार धक्क्याने तुटलीच, तर कडक मोडते. काच फुटली असेल तर तापलेल्या तारेवर काचेचे वितळलेले कण चिकटलेले दिसतात. एलईडी आल्यापासून ही गंमत गेली. त्याऐवजी आता बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेत धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद सापडते.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका संशोधनाच्या फजितीने. 2012 साली एका नामांकित विज्ञानपत्रिकेत निबंध आला: ‘मी खरं सांगतो’ ही सही फॉर्मच्या शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली, तर लोक कमी खोटं बोलतात. पुराव्यात एका वाहन विमा कंपनीच्या तेरा हजारांहून अधिक पॉलिसींमधल्या गाड्यांचं रनिंग होतं. आमच्या धंद्यात या निष्कर्षाचं भारी कौतुक झालं. खर्च शून्य, फक्त सहीची जागा बदलायची! 2021 मध्ये काही संशोधकांनी तो डेटा उलगडून बघितला. गाड्या शून्यापासून पन्नास हजार मैलांपर्यंत जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरलेल्या, आणि पन्नास हजारांनंतर एकदम कोणीच नाही. खऱ्या जगात बहुतेक गाड्या मधल्या कुठल्यातरी आकड्याभोवती गर्दी करतात. शिवाय माणसं मीटरचा आकडा लिहिताना शेवटी शून्यं देऊन मोकळी होतात. सुरुवातीच्या नोंदींत तशी शून्यं होती, नंतरच्या नोंदींत ती गायब. म्हणजे प्रामाणिकपणावरच्या निबंधातला डेटाच बनावट. त्याच वर्षी निबंध मागे घेतला गेला.

मी ते विश्लेषण वाचत होते आणि मला माझ्याकडे येणारी गॅरेजची बिलं दिसत होती. इतकी सुबक, की मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली बसणारी!

रोखण्याचे उपाय यापेक्षा रटाळ आहेत. पॉलिसी देतानाच गाडीचे चारही बाजूंनी फोटो. कुठल्या गॅरेजला नुकसान तपासणारा कोणता सर्व्हेयर जाईल हे गॅरेजने ठरवायचं नाही. आतल्या माणसाला हाताशी धरून केलेली लबाडी बाहेरून फार उशिरा दिसते. आणि कंपन्यांनी आपसात माहिती ताडून बघायची, म्हणजे वेगवेगळ्या नावांच्या क्लेममागे एकच फोन नंबर किंवा एकच बँक खातं निघतं. संगणक हल्ली प्रत्येक क्लेमला संशयाचे गुण देतो. ते गुण बघून मी फाइल उघडते, फेटाळत नाही. नवी पॉलिसी आणि आठवड्यात अपघात, हे दुर्दैवी माणसाच्या बाबतीतही होतंच, आणि त्याला महिनोन्महिने ताटकळत ठेवणं हाही अन्यायच.

फोटोतली मोडतोड आता संगणकावर हुबेहूब बनवता येते, त्यामुळे मोठ्या रकमेला मी प्रत्यक्ष जाऊनच गाडी बघते. बदललेला पार्ट मागून घेते आणि त्यावर न पुसणारी खूण कोरते. नाहीतर तोच फुटका हेडलाइट पुढच्या गाडीच्या क्लेममध्ये पुन्हा हजर.