पेटीगणिक परवानगी

एप्रिलमधली गोष्ट. देवगडला एका बागायतदार काकांच्या पॅकिंग शेडमध्ये बसलेलो, बाहेर वाशीचा ट्रक उभा, आत पेंढ्याची धूळ. पेटीवरचा क्यूआर टॅब्लेटवर स्कॅन केला की सर्व्हरवर नोंद होते, एवढंच आमचं सॉफ्टवेअर. पुण्यात धडाधड चालणारं ते इथे प्रत्येक पेटीला दोन-तीन सेकंद चाक फिरवत बसायचं. काका वैतागले, "मेल्या, ह्यां चाक फिरता तवसर आंबे हयच पिकतले!"

रेंजला शिव्या घालून झाल्यावर लॅपटॉपवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब, म्हणजे पान सर्व्हरला काय काय पाठवतं त्याची यादी, उघडला तर प्रत्येक स्कॅनला दोन ओळी, आधी ऑप्शन्स (नुसती विचारणा) मग पुट (खरी नोंद). प्रीफ्लाइट, म्हणजे खऱ्या विनंतीआधीची परवानगीची फेरी! पान एका डोमेनवर आणि एपीआय, म्हणजे नोंदी घेणारा सर्व्हरचा भाग, सबडोमेनवर, ब्राउझरच्या लेखी सबडोमेन पण परकंच, त्यात पुट, जेसन साच्यातला मजकूर, ओळख पटवणारं ऑथोरायझेशन हेडर, मग तो आधी सर्व्हरला विचारणारच की ह्याला आत सोडू का. रेंजची एकच काडी असताना ही फेरी फुकटची.

पण हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं ते ब्राउझरला सांगणारं मॅक्स-एज तर मीच लावलेलं, 86400, म्हणजे दिवसभर. क्रोम तसंही 7200 सेकंदांच्या वर ऐकत नाही, पण दोन तास तरी गप्प बसायला हवं ना? नेटवर्क टॅबमधली, साठवलेलं काही वापरू न देणारी डिसेबल कॅशची टिक काढून बघितली, तरी तेच. मग यूआरएलकडे नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. शेवटी पेटीचा नंबर! प्रीफ्लाइटचं उत्तर त्या त्या यूआरएलपुरतंच साठवतात, इथे दर पेटीची यूआरएल वेगळी आणि स्कॅन एकदाच, म्हणजे साठवलेलं उत्तर परत कधी वापरलंच जात नव्हतं.

मित्र फोनवर म्हणाला, जेसनऐवजी टेक्स्ट प्लेन, म्हणजे साधा मजकूर म्हणून पाठव, प्रीफ्लाइट जाईल. अरे पण पुट आणि ऑथोरायझेशन आहेत ना, त्यांच्यामुळे येणारच तो, आणि असले जुगाड पुढच्या सीझनला आपल्यालाच नडतात. नंबर बॉडीत, म्हणजे पाठवायच्या मजकुरात टाकून यूआरएल एकच ठेवता आली असती पण बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा कोड, दुसऱ्याच्या ताब्यात. शेवटी एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये चार ओळी टाकून एपीआय साईटच्याच डोमेनखाली आणला. ओरिजिन, म्हणजे ब्राउझरच्या लेखी पत्ता, एकच झालं, आता विचारतो कशाला?

पान रिफ्रेश केलं, पुढच्या पेटीला एकच ओळ. सेकंदभर अजून लागत होता, पण तो टॉवरचा. काकांना दाखवायला बाहेर गेलो तर त्यांनी तोवर निम्मा ट्रक वहीत पेन्सिलने नोंदवून भरून टाकलेला. त्या नोंदी रात्री मीच बसून एकेक करून चढवल्या.