तरंगंबाडी ते तंजावर, पायी

२०१८च्या आषाढी वारीत कारखान्यातला माझा जोडीदार आळंदीपासून पंढरपूरपर्यंत माझ्याबरोबर चालला. तमिळ माणूस, लुथरन म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचा ख्रिस्ती, गाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला लागून असलेलं पोरैयार. अठ्ठावीस वर्षं आम्ही एकाच शेडमध्ये लेथवर काढली. मी त्याला अण्णा म्हणतो. त्या वारीपासून तो मला माउली म्हणायला लागला, ते आजतागायत.

पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर मी डोकं टेकवलं तेव्हा त्याने विचारलं, "हे आत का नाहीत?" मी सांगितलं. ऐकून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडेही एकजण असाच बाहेर राहिला. एकदा माझ्या वाटेनेही चला, माउली."

ते जमलं निवृत्तीनंतर. १३ फेब्रुवारी ही तंजावरच्या श्वार्ट्झ पाळकांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंची, पुण्यतिथी. त्या दिवशी तंजावर गाठायचं म्हणून ९ तारखेला पहाटे तरंगंबाडीच्या किनाऱ्यावरून निघायचं ठरवलं. दिंडी नाही, विणेकरी नाही, दोघंच. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास.

तरंगंबाडीत आदल्या दिवशीच पोहोचलो होतो. समुद्राला चिकटून डॅनिश लोकांचा डान्सबोर्ग किल्ला आहे. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी १६२०मध्ये करार करून त्यांनी इथे वखार घातली. जवळच मासिलामणिनाथाचं चौदाव्या शतकातलं देऊळ आहे. त्याचा पुढचा भाग लाटांनी कधीच नेला. २६ डिसेंबर २००४ला याच किनाऱ्यावर त्सुनामी आली. अण्णाच्या घरची दोन माणसं त्यात गेली. तो किनाऱ्यावर उभा राहतो तेव्हा पाण्याकडे तोंड करत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

याच वाळूवर ९ जुलै १७०६ला दोन जर्मन तरुण उतरले, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युट्शाऊ. पाठवलं होतं डेन्मार्कच्या राजाने, शिक्षण झालं होतं जर्मनीतल्या हाले शहरात. वखारीतल्या साहेबांना ते नकोच होते. त्सीगेनबाल्ग तेव्हा चोवीसच्या आसपासचा. गावच्या पंतोजींच्या शाळेत पोरांबरोबर मांडी घालून तो वाळूत बोटाने तमिळ अक्षरं गिरवायला शिकला. मला या माणसाबद्दल सगळ्यात आपुलकी वाटली ती इथे. परक्याच्या भाषेचा असा धूळपाटीपासून मान राखणारा माणूस देवाबद्दल काही सांगू लागला, तर लोक थांबून ऐकणारच.

१२ मे १७०७ला पहिल्या पाच जणांचा बाप्तिस्मा झाला. पाचही जण डॅनिश घरांतले गुलाम होते. म्हणजे या मंडळीची, इथल्या ख्रिस्ती समाजाची, पहिली ओळ गुलामांची आहे. अण्णाने हे मला किल्ल्याच्या भिंतीला टेकून सांगितलं आणि त्याचा आवाज जरा चढला होता. पुढच्याच वर्षी वखारीच्या प्रमुखाने त्सीगेनबाल्गला पकडून चार महिने कोठडीत डांबलं. सुटल्यावर त्याने काम थांबवलं नाही. छापखाना आला, हालेहून तमिळ अक्षरांचे खिळे आले, आणि १७१५पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून झाला होता.

न्यू जेरुसलेम चर्च ११ ऑक्टोबर १७१८चं. आत गारवा होता, चुन्याचा वास होता. वेदीजवळ त्सीगेनबाल्गची कबर आहे. २३ फेब्रुवारी १७१९ला गेला तेव्हा जेमतेम छत्तीस वर्षांचा होता. त्याचा सोबती ग्रुंडलर पुढच्याच वर्षी गेला, त्याचीही कबर इथेच. अण्णा गुडघ्यावर बसला. मी वारकरी रीतीने लोटांगण घातलं. राखणदाराने काही म्हटलं नाही, उलट मी उठल्यावर अंगावरची धूळ झटकायला स्वतःचा पंचा पुढे केला.

"यांना आमच्याकडे अय्यर म्हणतात," अण्णा म्हणाला. पाळक कुठल्याही जातीचा असो, तमिळ लुथरन मंडळीत त्याला आदराने अय्यर म्हणायची जुनी रीत आहे. मराठी कानाला तो शब्द ब्राह्मणी आडनावासारखा वाटतो. चालताना कितीदा तरी मी त्यावर अडखळायचो.

पहिल्या दिवशी तिरुक्कडैयूर, आक्कूर, सेंबनारकोविल करत मयिलाडुतुरै. फोड पहिल्याच दिवशी आला, उजव्या टाचेला. रात्री अण्णाने खोबरेल लावून कापडाची पट्टी बांधली, वारीत मी त्याला बांधली होती तशीच.

मयिलाडुतुरै, म्हणजे जुनं मायावरम. हा टापू आरोन यांचा. कडलूरकडचे, घरचे वेळ्ळाळर, म्हणजे वरच्या मानलेल्या शेतकरी जातीतले. २८ डिसेंबर १७३३ला तरंगंबाडीत त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट पंथात अशी दीक्षा मिळालेले ते पहिले भारतीय. या गावांतून ते पायी फिरत, आणि १७४५मध्ये गेले. त्यांच्यामागून १७४१मध्ये दियोगो यांना दीक्षा मिळाली, आणि इथेच अण्णाची गोष्ट सुरू होते.

त्याने ती मला कुत्तालमच्या पुढे सांगितली. सांबा भाताची कापणी झाली होती आणि अर्धा रस्ता वाळत घातलेल्या भाताने व्यापला होता. बायका अनवाणी पायांनी भात उलटत होत्या. आम्ही कडेकडेने चालत होतो, एका मागे एक, त्यामुळे तो बोलत होता ते मला त्याच्या पाठीकडूनच ऐकू येत होतं.

राजनायकन. तंजावरच्या फौजेतला शिपाई. तेव्हा तंजावरला व्यंकोजीराजांचे वंशज राज्य करत होते, म्हणजे चाकरी मराठ्यांची. त्सीगेनबाल्गच्या छापखान्यातलं शुभवर्तमानाचं पुस्तक त्याच्या हाती पडलं. त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि १७२७च्या सुमाराला तरंगंबाडीशी जोडला गेला. पुढे फौज सोडून उपदेशी झाला, म्हणजे पाळकपदाची दीक्षा नसलेला धर्मशिक्षक. तंजावरच्या मुलखात मंडळी उभी राहिली त्यात त्याचा वाटा फार मोठा. पाळकपदासाठी त्याचं नाव निघालं तेव्हा अडचण एकच होती, तो परैयर होता, अस्पृश्य मानलेल्या जातीतला. वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद, घेणार नाहीत, ही भीती. दीक्षा दियोगोंना मिळाली. राजनायकन १७७१मध्ये वारला, उपदेशी म्हणूनच.

"माझे आजोबाही उपदेशीच," अण्णा म्हणाला. "शिक्षण होतं, आवाज होता. चर्चमध्ये आम्ही वेगळ्या बाजूला बसायचो, हे त्यांनी मला लहानपणी दाखवलं होतं. बोटाने नाही, डोळ्यांनी."

मी काही बोललो नाही. भाताच्या कडेने आम्ही तसेच चालत राहिलो.

तिरुविडैमरुदूरला मुक्काम केला. तंजावरच्या गादीवरून उतरवल्यावर अमरसिंहराजे भोसले इथे येऊन राहिले होते. पहाटे देवळाच्या लांबच लांब ओवरीत बसून मी हरिपाठ म्हटला. अण्णा कॉफीचा पेला हातात धरून शेजारी बसला होता. कुंभकोणम उन्हात ओलांडलं, पापनाशमला शाळेच्या व्हरांड्यात झोपलो.

पापनाशमच्या पुढे सरकारी खरेदी केंद्राबाहेर ताडपत्रीखाली भाताच्या राशी होत्या. श्वार्ट्झ पाळकांची एक हकीकत अण्णाने तिथे सांगितली. हैदर अलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात उपासमार झाली. दरबाराने मागचे पैसे बुडवलेले, म्हणून शेतकरी धान्य द्यायला तयार नव्हते. श्वार्ट्झनी शब्द दिला तेव्हा बैलगाड्या आल्या. माणसाच्या शब्दावर धान्य आलं, हे मला त्या राशींपुढे उभं राहून ऐकताना अंगावर काटा आणणारं वाटलं.

क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५०ला तरंगंबाडीत आले, १७७८पासून तंजावरला स्थायिक झाले. तमिळ तर येतच होतं, दरबाराशी बोलता यावं म्हणून ते मराठीही शिकले. तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजीवर त्यांनी मुलासारखी माया केली, त्याच्या शिक्षणासाठी आणि हक्कासाठी भांडले. १३ फेब्रुवारी १७९८ला ते गेले. सरफोजी त्याच वर्षी गादीवर बसला, पण ते पाहायला श्वार्ट्झ नव्हते. शवपेटीजवळ तो रडला, त्यांच्यावर जरीचं वस्त्र घातलं.

१३ तारखेला दुपारी शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आम्ही पोहोचलो. सरफोजीने लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प भिंतीत आहे. खाटेवर श्वार्ट्झ, उशाशी गेरिके पाळक, काही मुलं, आणि मृत्युशय्येवरच्या पाळकाचा हात हातात घेतलेला राजा. मराठा राजा. पागोटं, अंगरखा, मान किंचित पुढे. मी फार जवळ गेलो. दगडातल्या त्या दोन हातांवर उजेड पडला होता, आणि बोटं एकमेकांत इतकी सैल धरलेली होती की पेशंटच्या उशाशी बसलेल्या कुणालाही ते ओळखू यावं. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांचा हात असाच धरला होता.

कबर सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे. तिच्यावर सरफोजीने स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी कोरल्या आहेत, अनाथांचा बाप, विधवांचा आधार अशा अर्थाच्या. एका हिंदू राजाने लुथरन पाळकासाठी लिहिलेल्या. तंजावरची मंडळी पुढे इंग्रजांच्या मिशनकडे गेली, तरंगंबाडीकडची लुथरनच राहिली. १९१९मध्ये तिथून तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च उभं राहिलं. तरंगंबाडीच्या बिशपपदावर पहिला भारतीय, राजा माणिकम, बसायला १९५६ उजाडलं. अण्णाने ही साल तीनदा सांगितली.

कबरीजवळून बाहेर आल्यावर मी विचारलं, "राजनायकनचं काही आहे का इथे?"

अण्णा दारातच थांबला. चपला आधीच हातात होत्या, त्या बाजूला ठेवल्या. मग बाहेरच्या पायरीवर वाकला, उजव्या हाताने दगडाला स्पर्श केला आणि हात कपाळाला लावला. हे त्याने पंढरपुरात पाहिलं होतं, महाद्वारासमोर. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याच पायरीवर डोकं टेकवलं. दगड दुपारच्या उन्हाने तापलेला होता.